आज काय केलंयस?

डोंबिवलीत स्टेशनबाहेर संध्याकाळी निवडलेली मेथी, सोललेला मटार, मोड आणून सोललेले वाल मिळतात. पोळी-भाजी केंद्रं तर जागोजागी आहेत. मुंबईतल्या नोकऱ्यांवर वाढलेल्या या शहरानं स्वयंपाकातले हातांचे कष्ट हळूहळू विकत घ्यायला सुरुवात केली, आणि त्यात कमीपणा मानायचं काहीच कारण नाही. फास्ट लोकलनंही तासाच्या वर लागणारा प्रवास गर्दीत उभ्यानं करून आलेल्या बाईनं पुन्हा कणीक मळायला घ्यावी, ही अपेक्षा मला निर्दय वाटते.

पण आज काय करायचं, हे ठरवून देणारं केंद्र कुठेच नाही. काल काय झालं, फ्रिजमध्ये काय उरलंय, सासऱ्यांना वातूळ सोसत नाही, मुलाला डब्यात रस्सा नको, उद्या संकष्टी आहे. हा सगळा हिशेब रोज, दोन वेळा, बहुतेक घरांत एकाच डोक्यात चालतो. स्वयंपाकाचं खरं ओझं तिथे आहे, असं माझं मत आहे.

म्हणूनच लेडीज डब्यात विचारला जाणारा ‘आज काय केलंयस?’ हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. परतीच्या गाडीत भाजी निवडणाऱ्या बायकांचे फोटो कौतुकानं छापले जातात. बहुतेकींच्या मांडीवर गवार असते, कारण तिला सुरी लागत नाही. टोकं मोडून शिरा बोटांनीच ओढता येतात आणि कचरा पिशवीतल्या पिशवीत राहतो. फोटोत येत नाही ते बोलणं. “गवारीत लाल भोपळा घालून बघ गं, पुरवठ्याला येते.” एवढं ऐकलं की समोरचीचा रात्रीचा प्रश्न सुटतो. एकटीच्या डोक्यावरचं ओझं त्या डब्यात चौघींत वाटलं जातं.

पुस्तकं होतीच. लक्ष्मीबाई धुरंधरांचं ‘गृहिणी-मित्र’ 1910 मधलं, कमलाबाई ओगल्यांचं ‘रुचिरा’ 1970 मधलं. वाटी-चमच्याच्या मापांमुळे ‘रुचिरा’नं कित्येक नवख्या मुलींना हात धरून शिकवलं. पण पुस्तक कृती सांगतं. आपल्या घरात, आजच्या दिवशी, उरलेल्या अर्ध्या कोबीचं काय, हे शेजारीण सांगते.

आणि काही भाज्या तर विचारल्याशिवाय करताच येत नाहीत. पावसाच्या तोंडावर ठाणे-कल्याणच्या बाजारांत शेवळं येतात. जुड्या घेऊन बसलेल्या बायका त्यांच्यासोबत हिरवी, आंबट काकडंही देतात. एखादी नवखी जुडी उचलून “काकडं नकोत” म्हणाली, तर विकणारी मावशी तिला थांबवते. “ताई, काकडं घ्या, नाहीतर घसा खाजेल. आतला पिवळा भाग काढून टाका.” शेवळाच्या खाजेवर तो आंबटपणा लागतोच. सीकेपी घरांत शेवळांवर जीव टाकतात, पण ती साफ कशी करायची हे रानातून ती खुडून आणणाऱ्या बाईला आधी ठाऊक होतं. हे ज्ञान तोंडीच फिरतं. विचारणं थांबलं, तर दोन-तीन पावसाळ्यांत ती भाजी घरातून जाईल.

हल्ली मोबाइलवर पदार्थांचे फोटो येतात. त्यांत पुरणपोळी असते, मोदक असतात. मंगळवारची आमटी नसते. ती दिसायला साधी असते म्हणून कुणी पाठवत नाही. मला मात्र तीच पाठवलेली हवी आहे.

या सगळ्या बोलण्यात पुरुष जवळपास नाहीत. सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या बाईची दिवसाला 289 मिनिटं त्यात जातात, तर घरकाम करणाऱ्या पुरुषाची 88. ऑफिसात फाइल पुढ्यात असताना मनात चाललेला संध्याकाळचा हिशेब या मिनिटांत कुठे धरणार? “काहीही कर, चालेल” हे नवरा प्रेमानंच म्हणतो, पण त्यानं निर्णय पुन्हा तिच्याच पदरात पडतो. त्याऐवजी दुपारीच त्यानं कळवावं, “कोबी संपवायचाय, चणाडाळ भिजत घालून मी भाजी टाकतो, तू येताना पोळ्या तेवढ्या आण.” मग गाडीत ती मैत्रिणीला काय केलंस म्हणून विचारेल, ते केवळ हौसेनं.