तुमचे देव किती?

चंद्रपूर-गडचिरोलीकडे दोन अनोळखी गोंड माणसं एसटीत शेजारी बसली की आधी गाव विचारलं जातं, मग आडनाव. आत्राम, मडावी, कुळमेथे, टेकाम, जे असेल ते. आडनावावरून उलगडा झाला नाही तर तिसरा प्रश्न येतो : देव किती? उत्तर आकड्यात मिळतं. सहा. सात. ‘आमी सातदेवे.’ एवढ्यावर दोघांना कळतं की आपण एकमेकांचे भाऊ लागतो की सोयरे. मग बोलण्याची तऱ्हाही बदलते. भावाशी जी थट्टा चालत नाही, ती सोयऱ्याशी चालते.

या तिसऱ्या प्रश्नापाशी जरा थांबू. देवाबद्दल आपण मराठीत सहसा दोन प्रश्न विचारतो. देव मानता का? याचं उत्तर हो किंवा नाही. कोणता देव मानता? याचं उत्तर एक नाव. पहिल्यात श्रद्धा आहे, दुसऱ्यात निवड आहे, निदान वारसा आहे. ‘किती?’ मध्ये यातलं काहीच नाही. सात म्हणणाऱ्याला ‘कोणते सात?’ असं विचारलं, तर तो बरेचदा तीन-चार नावांवर थांबतो आणि त्यात त्याला कमीपणाही वाटत नाही. संख्या पाठ, नावं अर्धवट. शहरी माणसाला हे चमत्कारिक वाटतं. पण काश्यप गोत्र सांगणाऱ्या किती जणांना काश्यपांची गोष्ट येते? गोत्र विचारणाऱ्यालाही ती ऐकायची नसते. त्याला फक्त एवढंच हवं असतं की मुलामुलीचं गोत्र एक निघू नये.

देवांचा आकडा नेमकं हेच काम करतो. ज्यांचा आकडा एक, ते भाऊबंद. त्यांच्यात लग्न नाही, मग गावं शंभर कोसांवर असली तरी नाही. मुलगी द्यायची ती वेगळ्या आकड्याच्या घरात. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर १९१६ साली चार खंड काढले, त्यांत गोंडांची ही देवसंख्येवरची विभागणी नोंदलेली आहे. पुढे क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानवशास्त्रज्ञ निझामाच्या अदिलाबाद जिल्ह्यात, मारलवाई या गावी येऊन राहिले. आजच्या चंद्रपूरमधला राजुरा तालुका तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. १९४८ साली त्यांचा राजगोंडांवरचा ग्रंथ आला. त्यात या गटांची गोंडी नावं सापडतात : येर्वेन सगा, सार्वेन सगा, सिवेन सगा, नालवेन सगा. म्हणजे सातांचा, सहांचा, पाचांचा आणि चारांचा. ‘सगा’ हा शब्द आपल्या ओळखीचा आहे, पण आपल्याकडे तो एकेकट्या नातेवाइकाला लागतो. इथे ते हजारो घरांच्या गटाचं नाव आहे.

तेव्हा ‘देव किती?’ हा प्रश्न देवाबद्दलचा आहे की नात्याबद्दलचा? या लेखात सांगायचं आहे ते एवढंच की ही दोन उत्तरं वेगळी काढता येत नाहीत. आणि विद्यापीठातला धर्माचा अभ्यास ती वेगळी काढूनच सुरू होतो.

आपल्याकडे धर्माभ्यासाला स्वतःचं घरही धड नाही. विविध धर्मांच्या तौलनिक अभ्यासाचा स्वतंत्र विभाग म्हणून पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठाचं नाव घेतलं जातं. तो १९६७ चा. महाराष्ट्रात हा विषय भाड्याच्या घरात राहिला : थोडा संस्कृतकडे, थोडा पालीकडे, थोडा समाजशास्त्राकडे आणि पुष्कळसा मराठीकडे. महानुभाव पंथाचा सखोल अभ्यास केला तो वि. भि. कोलते या मराठीच्या प्राध्यापकांनी. पुढे ते नागपूर विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. विठ्ठल, खंडोबा, लज्जागौरी यांच्यावर आयुष्य घालवणारे रा. चिं. ढेरे तर विभागांच्या बाहेर राहूनच लिहीत होते. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी नागपूरमधून वेगळं काढून २०११ साली गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ उभं राहिलं. म्हणजे ज्या जंगलात हा तिसरा प्रश्न विचारला जातो, तिथेच आता प्रबंध लिहिले जाणार.

प्रबंधाचा साचा मात्र आपल्या सगळ्या विद्यापीठांत जवळजवळ एकच. पहिलं प्रकरण भौगोलिक पार्श्वभूमी, दुसरं सामाजिक रचना, तिसरं विवाहपद्धती, चौथं देवदेवता, पाचवं अंत्यविधी, शेवटी निष्कर्ष. विद्यार्थी प्रामाणिक असतो, पायपीट करतो, प्रश्नावली भरून आणतो. पण सात हा आकडा घालायचा कुठे? तिसऱ्या प्रकरणात घातला तर तो सोयरिकीचा नियम होतो आणि त्यातला देव निघून जातो. चौथ्यात घातला तर सात नावांची यादी द्यावी लागते. ती पुरी होत नाही, म्हणून विद्यार्थी शेजारच्या गावातली दोन नावं उसनी आणतो आणि तक्ता भरतो. मौखिक परीक्षेत त्यावर कुणी बोट ठेवत नाही, कारण तक्ता भरलेला असतो. इरावती कर्व्यांनी देवकाचा विचार आप्तसंबंधांच्या अंगाने केला, ढेऱ्यांनी कुलदैवतांचा विचार उपासनेच्या अंगाने. दोघांची दृष्टी मोठी होती, म्हणून त्यांना दुसरी बाजू दिसत राहिली. तक्त्याला ती दिसत नाही.

देवकाचं नाव आलंच आहे तर त्यावरही बोलू, नाहीतर हा सगळा प्रकार जंगलातली नवलाई वाटेल. मराठा-कुणब्यांच्या कितीतरी घरांत लग्नाला देवक बसवतात. कुठे पंचपल्लव, कुठे एखादं झाड, कुठे मोराचं पीस. एक देवक असलेल्यांत लग्न होत नाही. देवकावर कुणाची ‘श्रद्धा’ आहे का, असं विचारून पाहा. प्रश्नच विचित्र वाटेल. देवक मानायचं नसतं, ते असतं. गोंडांचे सात देव तसे असतात.

आता पुढची पायरी. या सातांत कोण मोजलं जातं? कुळाचा मोठा देव तो पेर्सा पेन. पेन म्हणजे देव. त्याची मूर्ती नसते. लोखंडी भाल्याचं टोक आणि चवरी ही त्याची खूण. ती वस्तीबाहेर झाडावर जपून ठेवतात आणि कटोडा, म्हणजे कुळाचा पुजारी, पूजेच्या दिवशी खाली उतरवतो. त्या पूजेत वर्षभरात कुळातली जी माणसं वारली, त्यांना या देवाच्या हवाली केलं जातं. मेलेला माणूस देवाकडे ‘गेला’ असं आपणही म्हणतो, पण तो देवात मिळाला असं म्हणत नाही. इथे तो मिळतो. मग सात देव म्हणजे वर कुठेतरी बसलेले सात जण नव्हेत. आजा, पणजा आणि त्यांच्या मागची नावं विसरलेली सगळी माणसं त्या आकड्यात आहेत. यादी पुरी होत नाही ती बहुधा याचमुळे. भामरागड-एटापल्लीकडे माडिया लोक मृतांसाठी दगड उभे करतात. ते दगड पाहणारा पर्यटक ‘स्मारक’ म्हणतो. तिथला माणूस त्यांच्याकडे घरातल्या माणसांकडे पाहावं तसं पाहतो.

हा आकडा ध्यानात ठेवण्याचं काम परधानाचं. किंगरी घेऊन तो यजमानाच्या दारी येतो, कुळाची कथा गातो आणि धान्य, बैल, जे ठरलेलं असेल ते दान घेतो. महादेवाने गुहेत कोंडलेले गोंडांचे देव त्यांचा आदिपुरुष लिंगो याने कसे सोडवले आणि गोंडांची गटवार वाटणी कशी केली, हे त्या गाण्यात येतं. गोंदिया जिल्ह्यातल्या कचारगडला माघी पौर्णिमेला लोक लोटतात ते त्याच गुहेच्या ओढीने. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ही लिंगोची कथा परधानाकडून उतरवून घेतली. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना नाल्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला, आणि रिचर्ड टेंपल यांनी १८६६ साली त्यांचे कागद छापले. छापून आलं आणि कथा वाचली हे खरंच. पण कागदावर ती ‘गोंडांचं पुराण’ झाली. परधान कधी साऱ्या गोंडांसाठी गात नाही. तो एका आकड्याच्या, एका कुळाच्या, एका दारात गातो. माझ्या मते दार गळून पडलं तिथेच या कथेचं निम्मं बळ गेलं. नंतरचे अभ्यासक मात्र तिच्यात महादेव-पार्वती कुठून शिरले यावरच वाद घालत बसले.

त्या वादाचं मोठं भावंड म्हणजे जनगणनेचा रकाना. इंग्रजांनी या लोकांना ‘ॲनिमिस्ट’ म्हटलं. हटन यांच्या १९३१ च्या जनगणनेत ते जमातींच्या धर्माचे झाले. मुंबईचे समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ साली त्यांना मागासलेले हिंदू ठरवलं. स्वतंत्र भारतात वेगळा रकानाच गेला. २०११ च्या मोजणीत सहा धर्मांना क्रमांक होते, बाकीच्यांनी नाव लिहायचं होतं. देशभरात दहा लाखांहून जास्त लोकांनी तिथे गोंड किंवा गोंडी लिहिलं. रिझर्व्ह बँकेत नोकरी करता करता गोंडीचे शब्दकोश आणि गोंडी पुनेमाची, म्हणजे धर्माची, मांडणी करणारे नागपूरचे मोतीरावण कंगाली यांचं काम या संदर्भात वाचायला हवं. रकान्याला नाव लागतं, शास्त्र लागतं, संस्थापक लागतो. मागणाऱ्याने नाव मागितलं, त्यांनी नाव दिलं. मला त्यात गैर दिसत नाही. फक्त एवढंच की रकाना ‘कोणता?’ विचारतो, ‘किती?’ विचारत नाही.

रकान्यात चपखल बसणारा धर्मही याच चंद्रपुरात आहे. नागपूरनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा दिली. तिथे माणसं उभी राहिली, प्रतिज्ञा उच्चारल्या, जुनं सोडलं आणि नवं घेतलं. तारीख आहे, शब्द आहेत, निर्णय आहे. सातदेव्याला मात्र अशी तारीख नाही. तो कधी सातदेवा झाला नाही, तो जन्मलाच तसा. म्हणूनच त्याला सोडण्यासारखंही काही दिसत नाही. चांद्याच्या गोंड राजांनी अचलेश्वराची सेवा केली, राणी हिराईने महाकालीचं देऊळ बांधवलं. चैत्रात तिथे मराठवाड्यापासून माणसं येतात. म्हणून ते राजे गोंड राहिले नाहीत का? महाकालीला हात जोडल्याने आकडा बदलत नाही. सहाचे सहाच राहतात, सोयरिकी तशाच जुळतात. ‘हे हिंदू की नाहीत?’ हा प्रश्न पन्नास वर्षं विचारला तरी सुटत नाही, कारण तो देव मानण्याबद्दल विचारतो आणि इथला माणूस देव लागण्याबद्दल बोलत असतो. भाऊ लागतो, मामा लागतो, तसा देव लागतो.

एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे आणि त्याच डोंगरात लोहखनिज. जानेवारीत इलाख्यातली गावं यात्रेला जमतात. खाणीच्या वादात कागदावर प्रश्न येतो तो असा : पूजास्थान नेमकं कुठे आहे, जागा किती? इथेही ‘किती’ आहे, पण तो हेक्टरांचा. देवाभोवती कुंपण घालून बाकीचा डोंगर मोकळा करता येईल, असं त्यात गृहीत आहे. भाऊ लागतो तो किती चौरस फूट, असं कुणी विचारत नाही.

मारलवाईच्या हायमेनडॉर्फ यांनी हा आकड्यांचा हिशेब कागदावर आणला, पण ते आणि त्यांची पत्नी बेट्टी त्या गावी पुनःपुन्हा जात राहिले. १९८७ साली बेट्टी हैदराबादला वारल्या. त्यांना मारलवाईत आणून पुरलं, गोंडांच्या रीतीने. हायमेनडॉर्फ १९९५ मध्ये लंडनला गेले. २०१२ साली त्यांची रक्षा आणून बेट्टींशेजारी ठेवली. जानेवारीत गावकरी तिथे जमतात, फुलं वाहतात. त्या दोघांचे देव किती, हे कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.