जात झाडाची की नाव ठेवणाऱ्याची?

गांजाच्या झाडाची जात कोणती? प्रश्न ऐकून हसाल. चळवळीतल्या पोरानं गांजावर कशाला लिहावं, असंही म्हणाल. दारू न पिण्याची प्रतिज्ञा आपल्या माणसांनी १९५६ साली नागपुरात घेतली, ती मला ठाऊक हाय. मी ओढण्याबद्दल बोलत नाही, 'जात' या शब्दाबद्दल बोलतोय. आंब्याला जात, बैलाला जात, आन् माणसालाबी जातच. एका शब्दात तिघं कोंबले की तिसऱ्याची जातही निसर्गानंच दिली असं वाटायला लागतं. फसवणूक तिथनं सुरू होते. म्हणून आधी झाडाच्याच जातीचा हिशेब तपासू.

१७५३ साली लिनियसनं नाव दिलं : कॅनाबिस सटायव्हा. युरोपात दोरखंडासाठी, कापडासाठी पेरायचे ते झाड त्याच्या ओळखीचं. १७८५ साली लामार्कपुढं हिंदुस्थानातले नमुने आले. झाड बुटकं, फांद्या जास्त, वास उग्र, नशा चढवणारं. त्यानं वेगळी जात केली : इंडिका. १९२४ साली रशियात यानिशेव्हस्कीनं रानटी झाडाला तिसरं नाव दिलं : रुडेरालिस. झाडं आधीपासून होतीच. नावं पाहणाऱ्याच्या जागेवरनं पडली.

मग भांडण कोर्टात गेलं. अमेरिकेच्या कायद्यात नाव फक्त सटायव्हाचं. १९७० नंतरच्या दशकात आरोपींचे वकील म्हणू लागले, आमच्या अशिलाकडं सापडला तो इंडिका, त्याला बंदी कुठाय? वनस्पतिशास्त्रज्ञ पिंजऱ्यात साक्षीला उभे. शुल्टेस म्हणाले, जाती तीन. बहुतेक कोर्टांनी ते मानलं नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात सगळाच गांजा होता, असा निकाल दिला. १९७६ साली स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट या दोघांनी मांडलं : जात एकच, पोटजाती दोन. वेगळं करायला त्यांनी नशेच्या द्रव्याची रेघ ओढली, ०.३ टक्के. ही रेघ सोयीची आहे, निसर्गानं आखलेली नाही, हे स्वतः स्मॉल यांनीच सांगितलंय. पण २०१८ साली तीच रेघ अमेरिकेच्या शेती कायद्यात बसली. रेघेच्या अलीकडं पीक, पलीकडं गुन्हा. आपल्याकडं १९८५ च्या कायद्यानं जातीचा वादच टाळला. कॅनाबिस प्रजातीतलं कोणतंही झाड, असं लिहून टाकलं. त्यातही बोंडाला तुरुंग, आन् नुसत्या पानाला त्या कायद्यातनं सूट. म्हणून उत्तर प्रदेशात, राजस्थानात भांगेची परवान्याची दुकानं चालतात. झाड तेच.

आणि हे झाड स्वतः काय करतं? नर वेगळा, मादी वेगळी. पराग वाऱ्यावर जातो. वारा पोटजात विचारत नाही. या सगळ्या तथाकथित जातींचा एकमेकींशी संकर होतो, बी धरतं, उगवतं.

तरी बाजार सांगतोच : इंडिका अंग सैल करते, सटायव्हा डोकं तरतरीत करते, हे वाण ७० टक्के हे आणि ३० टक्के ते. २०१५ साली कॅनडातल्या संशोधकांनी नशेच्या ८१ आणि धाग्याच्या ४३ नमुन्यांची जनुकं तपासली. जमैकाचं शंभर टक्के सटायव्हा म्हणून नोंदलेलं एक वाण अफगाणिस्तानच्या शंभर टक्के इंडिकाशी जवळजवळ तंतोतंत जुळलं. लेबल एक, माल दुसराच.

ही टक्केवारी वाचली की मनुस्मृतीचा दहावा अध्याय आठवतो. बाप शूद्र, आई ब्राह्मण, तर पोर चांडाळ. पुढं त्याचं लग्न अमुकाशी, तर पोर तमुक. असं कोष्टकच. महाडला १९२७ साली बाबासाहेबांनी जाळलं ते हे कोष्टक.

पण दोस्तहो, इथं थांबून 'सगळं वर्गीकरण खोटं' असं ओरडू नका. ते सोपं हाय आणि चूक हाय. त्याच तपासणीत धाग्याचं झाड आणि नशेचं झाड जनुकांनी खरोखरच वेगवेगळं निघालं. मी गिरणीत काम करतो. कापसाची प्रत पाहिल्याशिवाय, धाग्याची लांबी मोजल्याशिवाय सूत निघत नाही. आखूड धाग्याचा कापूस बारीक काउंटाला लावला तर साच्यावर तारा तुटत राहतात. फरक खरा असतो. पण माझ्या खात्यात प्रत ठरते ती गाठ फोडून, मोजून. आज चुकली तर उद्या बदलते. मागच्या वर्षीची गाठ कसली होती म्हणून यंदाच्या गाठीवर शिक्का मारत नाहीत.

मग वर्गीकरणाला तीन सवाल विचारायचे. कुणी केलं? कशासाठी केलं? आणि पुरावा उलटा आला तर बदलतं का? गांजाच्या जातीचा वाद पावणेतीनशे वर्षं चाललाय, अजून मिटला नाही, ही विज्ञानाची अब्रू आहे. तिथं लिनियसलाही खोडता येतं. जातिव्यवस्था पहिल्या दोन सवालांचं उत्तर लपवते आणि तिसऱ्याला 'नाही' म्हणते. १९३६ साली 'जातिप्रथेचे विध्वंसन' मध्ये बाबासाहेबांनी दाखवलं की जात म्हणजे वंशाची विभागणी नव्हे, एकाच वंशाच्या माणसांची सामाजिक फाळणी. पुरावा तेव्हाच मांडला गेला. आपल्या वस्तीच्या कडेचं कुंपण मात्र हाललं नाही.

झाडाला आपलं नाव बदलून मागता येत नाही. आपल्याला तोंड आहे. उद्या कुणी 'तुमची जात कोणती' म्हणून विचारलं, तर आधी त्यालाच विचारा : तुला ती कशाला पाहिजे?