स्मरणाविना कृतज्ञता

‘कृतज्ञ’ या शब्दाची फोड साधी आहे. केलेले जो जाणतो, तो कृतज्ञ. आभाराचा शब्द नंतरचा. आधी येते ते जाणणे. हे ध्यानी घेतले म्हणजे एक प्रश्न उभा राहतो. सुगीच्या सणाला भरल्या पानावर बसून आपण जे आभार मानतो, ते नेमके कोणाचे? आणि ज्याचे स्मरण आपण सोयीने टाळले, त्याचे ऋण त्या आभाराने फिटते काय?

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी आभारदिनाची राष्ट्रीय सुट्टी असते. यादवी युद्ध चालू असता १८६३ साली अध्यक्ष लिंकन यांनी त्या महिन्याचा शेवटचा गुरुवार या दिवसासाठी नेमला; चौथा गुरुवार १९४१ च्या कायद्याने ठरला. दूरदूरची मुलेबाळे त्या दिवशी घरी येतात. पुष्कळ घरी जेवणापूर्वी प्रत्येकजण आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत हे सांगतो, आणि मग गेलेल्या माणसांच्या आठवणी निघतात. आपल्यातील ज्यांची मुले तिकडे स्थायिक झाली आहेत, त्यांना हे ठाऊक असेल. प्रथा खरोखर सुंदर आहे.

या सणाचे मूळ १६२१ च्या सुगीत सांगतात. ‘मेफ्लॉवर’ जहाजातून आलेल्या शंभराहून अधिक प्रवाशांपैकी निम्मे पहिल्याच हिवाळ्यात दगावले होते. उरलेल्यांना मका कसा पेरावा, खत म्हणून मातीत मासे कसे पुरावे, हे टिस्क्वांटम नावाच्या तद्देशीय मनुष्याने शिकविले. तो कोण होता? १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने त्याला फसवून पकडले आणि विकण्यासाठी स्पेनला नेले. १६१९ मध्ये तो परतला तेव्हा साथीच्या रोगाने त्याचा गाव निर्मनुष्य झाला होता. त्याच गावाच्या जागी या नवागतांनी आपली वसाहत उभारली होती. त्या सुगीच्या भोजनात वाम्पानोआग लोकांचा प्रमुख मॅसासॉइट आपल्या नव्वद माणसांसह सामील झाला. पुढे दोन्ही समाजांत युद्ध पेटले आणि १६७६ साली मॅसासॉइटचा पुत्र मारला गेला. म्हणून १९७० पासून त्या लोकांचे काही वंशज व त्यांचे स्नेही याच दिवशी प्लिमथ येथे जमून शोकदिन पाळतात. एकाच दिवशी एका घरी मेजवानी आणि दुसऱ्या घरी सुतक!

परक्यांचे हे वर्म पाहताना आपले पान तपासावे हे बरे. आमच्या घरी नवान्नाच्या दिवशी दारावर नवे बांधीत. भाताच्या लोंब्या, आंब्याची पाने, कुरडूची फुले. नव्या तांदळाची खीर देवाला दाखवून झाली की पंक्तीत आजोबा जुन्या गोष्टी काढीत. पणजोबांनी शेत कसे राखले, दुष्काळात कोठी कशी उघडली, आणि १९४८ च्या कूळकायद्याने ते शेत हातचे कसे गेले, ही कथा मी दरवर्षी ऐकली. त्या लोंब्या दारी कोण आणून देई, हे मात्र कोणी कधी सांगितले नाही. आणीत असे आमचे कूळ. तीन पिढ्या ज्या घराने चिखलात उभे राहून आमची कोठी भरली, त्या घराच्या कर्त्याचे नावही आम्हां मुलांना ठाऊक नव्हते. शेत त्याच्या नावे झाल्यावरही पहिल्या वर्षी तो लोंब्या घेऊन आला, अंगणात ठेवून मुकाट्याने परतला. हे मला आईने सांगितले, आणि तेही आजोबा गेल्यावर.

कोणी म्हणेल, सणाच्या दिवशी जुने व्रण कशाला उघडावे? गोड घास कडू का करावा? आक्षेप अगदीच पोकळ नाही. पश्चात्तापाचेही प्रदर्शन मांडता येते. परंतु आपल्या पूर्वजांनी हा घास निराळा मानला होता. यज्ञाने तुष्ट झालेल्या देवांनी दिलेले त्यांना न देता जो एकटाच भोगतो, त्याला गीतेच्या तिसऱ्या अध्यायात चोर म्हटले आहे. पंचमहायज्ञांत देव व पितर यांच्याबरोबर मनुष्य आणि भूतमात्र यांचाही वाटा आहे. पानाभोवतीच्या चित्राहुती, काकबळी, गोग्रास ही त्याच जाणिवेची रोजची रूपे होत. कावळ्याची आठवण ठेवणाऱ्या घराने नांगर धरणाऱ्याला विसरावे, ही विसंगती आचारातील नव्हे, आमच्या स्मरणातील होती.

म्हणून कुटुंबाच्या आठवणी सांगाव्या, अवश्य सांगाव्या. मुलांना घराचा इतिहास दुसरे कोण देणार? पण त्या पुऱ्या सांगाव्या. आपण काय दिले याबरोबर काय घेतले, हेही सांगावे. ऐकताना मान थोडी खाली जाईल, आणि नम्रतेवाचून कृतज्ञता संभवत नाही.

त्या कुळाच्या कर्त्याचे नाव मी पुढे विचारून घेतले. आता नवान्नाच्या दिवशी पितरांच्या नावांनंतर आमच्या घरी तेही उच्चारले जाते. ऋण त्याने फिटत नाही. परंतु ते आहे, एवढे तरी मुलांना कळते.