गाव दाखवताना

लहान शहरातल्या माणसाला पाहुण्यापुढे एक सवय असते. पाहुणा पाण्याचा पेला खाली ठेवत नाही तोच आपण गावाच्या वतीने माफी मागून मोकळे होतो. ऊन फार आहे, रस्ते असेच आहेत, आणि पाहायचं म्हणाल तर तसं काही नाही. आम्ही यवतमाळकर यात तरबेज. माफी इतकी सफाईने मागतो की पाहुण्याला ती नम्रता वाटते.

मागच्या नवरात्रात माझा पुतण्या पुण्याच्या होस्टेलवरून एका मित्राला घेऊन आला. पोरगा संगमेश्वरकडचा. पाठीवर भली थोरली सॅक, पायात चिखलाचे बूट. त्याचा नेम असा, की सुट्टीत एखादं अनोळखी शहर धरायचं आणि आठवडाभर तिथंच मुक्काम ठोकायचा. पळापळ करायची नाही. यंदा त्याने यवतमाळ धरलं, याचं आमच्या घरात सगळ्यांना नवल आणि पुतण्याला ओझं. पहिल्याच रात्री त्याने मोबाईलवर यादी काढून ठेवली: टिपेश्वर, कळंबचा चिंतामणी, सहस्रकुंड. टिपेश्वर पांढरकवड्याजवळ, कळंब वीस-बावीस किलोमीटर, आणि सहस्रकुंड पार उमरखेड तालुक्यात, जिथं पैनगंगेच्या पल्याड नांदेड जिल्हा सुरू होतो. यादीत यवतमाळ शहर कुठेच नव्हतं. गावाची लाज वाटली की आपण पाहुण्याला जिल्हा दाखवतो.

तसं पाहिलं तर पाहुणाही कोरा आलेला नसतो. यवतमाळ बाहेरच्या माणसाला दोन मरणांनी माहीत आहे, शेतकऱ्याच्या आणि अवनी वाघिणीच्या. वाघीण २ नोव्हेंबर २०१८ ला राळेगाव तालुक्यात गोळी घालून मारली, देशभर गाजली. शेतकऱ्याचं मरण त्याहून जुनं. १९ मार्च १९८६ ला महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार मुलांसह जीवन संपवलं. आता दरवर्षी त्या तारखेला अन्नत्याग करणारी माणसं राज्यभर आहेत. पुढे जिल्ह्याच्या नावाला एक शब्द चिकटला तो चिकटलाच. या पोराच्या मनातही तो असणार. पण यजमानाच्या घरी बसून असलं विचारावं कसं? तो विचारत नव्हता, आणि पुतण्या, तो विचारील या धास्तीने, वाघांवर बोलत होता.

वाघांवर मात्र तो झकास बोलतो. टिपेश्वरचा तो तरुण नर, ज्याचं नाव पुढे ‘वॉकर’ पडलं, त्याच्या गळ्यात २०१९ मध्ये रेडिओ कॉलर अडकवली होती. जूनमध्ये स्वारी निघाली. तेलंगणातलं आदिलाबाद, मग नांदेड, हिंगोली, वाशीम अशी मजल-दरमजल करत डिसेंबरात बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचली. तेराशे किलोमीटर, तेही बरेचसे रात्री, कापसा-सोयाबीनच्या शेतांतून आणि गावांच्या कडेकडेने. पुतण्या मित्राला म्हणाला, “आमच्या जिल्ह्याचा पहिला बॅकपॅकर.” हे ऐकून मित्र हसला आणि त्याने विचारलं, “आणि तो गेला का इथून?” याचं उत्तर वनखात्याकडे आहे: टिपेश्वर १४८ चौरस किलोमीटरचं, त्यात वाघ वाढले, वयात आलेल्या नराला स्वतःचा इलाखा लागतो. पण पुतण्या एकदम गप्प झाला. तो स्वतःही बारावीनंतर पुण्याला गेलाय, आणि परत येण्याचं बोलत नाही. आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांची तीच कथा.

मग पाहुण्याने यादी बाजूला ठेवली आणि गावात हिंडायला सुरुवात केली. पुतण्या आठाशिवाय उठत नाही, म्हणून सकाळी हा एकटाच निघायचा. दत्त चौकाच्या अंगाला पोह्याची गाडी लागते, तिथं त्याने तर्री-पोहे पहिल्यांदा खाल्ले. पोह्यांवर चिवडा, त्यावर हरभऱ्याची लालभडक तर्री, वर कच्चा कांदा. घामाघूम होऊन घरी आला आणि म्हणाला, “काका, हे पोहे म्हणून देतात, पण ही चक्क आमटी आहे.” गाडीवाल्याने त्याला “कुठचा रे बाबू तू?” म्हणून विचारलं होतं आणि उत्तर ऐकून तर्री परत घातली होती, फुकट. पुतण्याला हे पटेना. या गाडीवर तो शाळेपासून खातोय, त्याला कधी कुणी फुकट तर्री घातली नव्हती. परक्याला गाव जे सैल हाताने देतं ते घरच्याला देत नाही, याचा त्याला थोडा रागच आला, आणि मला वाटतं तो राग रास्त होता.

दोघे जुन्या रेल्वे स्टेशनाकडे गेले तेव्हा मीही गेलो. शकुंतला या गाडीचं स्टेशन. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटरची अडीच फुटी लाइन, किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीची, मुख्यतः वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदराकडे नेण्यासाठी टाकलेली. देशातल्या रेल्वे सरकारच्या झाल्या त्यातून ही सुटली आणि स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं रेल्वे खातं तिच्या वापराचे पैसे कंपनीला मोजत राहिलं. मँचेस्टरला १९२१ साली घडलेल्या वाफेच्या इंजिनाने ती गाडी १९९४ पर्यंत ओढली. पुढे डिझेल आलं, मग तीही थांबली. गाडीतून उतरून शेतातले हरभरे उपटायचे आणि परत चढायचं, हे आमच्या पिढीतला प्रत्येक जण सांगतो. खरं किती जणांनी केलं कोण जाणे. पाहुणा ऐकत होता. त्याच्याकडे कोकण रेल्वे पुरती धावायला लागली १९९८ ला. त्याच्या आजीने वयाच्या साठीत घराजवळ पहिल्यांदा गाडी पाहिली. आमच्या आजीला शकुंतलेच्या शिट्टीवर कुकर लावायची सवय होती. कापसामुळे आमच्याकडे गाडी आधी आली आणि आधीच गेली. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड या मोठ्या लाइनचं काम चालू आहे. त्यातला वर्धा-कळंब हा तुकडा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाला. आम्ही अजून धामणगावला जाऊनच गाडी पकडतो.

स्टेशनावर पुतण्याने एकदाही “तसं काही नाही” म्हटलं नाही, हे माझ्या लक्षात आलं.

रात्री तर त्याची गरजच नव्हती. नवरात्रातलं यवतमाळ वेगळंच असतं. कोलकात्याखालोखाल दुर्गोत्सव आमचाच, असं इथला प्रत्येक जण छातीठोकपणे सांगतो. दोन्हीकडचा पाहून आलेला मात्र सहसा भेटत नाही. आजूबाजूच्या खेड्यांतून माणसं एसटीने, टेम्पोने, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून येतात. देखावे, रोषणाई, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, पायातल्या चपला हातात घेऊन चालणाऱ्या बाया. कोकणातल्या पोराला गर्दीचं नवल नव्हतं, गणपती त्याने पाहिलेत. नवल वाटलं ते याचं, की इथं माणसं दुसऱ्याच्या मंडळाची देवी पाहायला गावंच्या गावं घेऊन निघतात. त्याच्याकडे गणपती घराघरात, आणि पाहुणा आला तर तो घरात येतो. इथं सगळं गावच रस्त्यावर. दोघे रोज मध्यरात्र उलटवून येत, आणि त्यांचे आवाज जिन्यापासून ऐकू येत.

पाहुण्याशी यवतमाळ नेहमी असं सरळ वागलंय असं मात्र नाही. जानेवारी २०१९ मध्ये इथं भरलेल्या साहित्य संमेलनाच्या उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं आणि मग आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं. राज्यभर शोभा झाली. शेवटी उद्घाटन केलं ते कळंब तालुक्यातल्या वैशाली येडे यांनी, नवऱ्याने कर्जापायी जीव दिल्यानंतर शेत आणि घर ओढणाऱ्या बाईने. घरचं माणूस माइकपुढे आणायला पाहुणीला नाही म्हणावं लागलं, हे मला अजून खटकतं.

दसऱ्याच्या तोंडावर पहिली वेचणी सुरू होते. आमच्या ओळखीतल्या एकांच्या शेतावर दोघांना नेलं. पाहुण्याने कापूस दुकानात पाहिलेला, झाडावर कधी नाही. पऱ्हाटी कमरेइतकी होती. उमललेल्या बोंडातून कापूस चिमटीत धरून ओढायचा, सगळ्या पाकळ्यांतला एकदम यायला हवा आणि वाळला पाला चिकटता कामा नये. बोंडाची टोकं वाळून काट्यासारखी झालेली असतात. पहिल्या काकरीतच त्याच्या नखांच्या कडा लाल झाल्या. शेजारच्या ओळीतली बाई दोन्ही हातांनी वेचत, बोलत, ओटी फुगवत पुढे निघून गेली. वेचणीची मजुरी किलोवर असते. त्याच्या हिशेबाने चहासुद्धा सुटला नसता.

बांधावर शिदोरी सोडली तेव्हा मला वाटलं, आता हा विचारणार. पुतण्यालाही वाटलं असावं. तो सारखी बाटली उघडत-लावत होता. पण विचारलं शेतकऱ्यानेच.

“तुमच्याकडं नारयाले काय भाव भेटते जी?”

पोराने सांगितलं.

“अन् झाडं किती?”

“नारळ थोडे. काजू आहे. यंदा मोहोर करपला.”

“मंग इमा भेटला का?”

“काढलाच नव्हता.”

“काऊन बाप्पा? अन् राखते कोन? पोट्टे रायतेत का गावात?”

पोरगा जरा थांबला. मग म्हणाला, घर वर्षातले बरेच महिने बंदच असतं, वडील मुंबईला, चुलते बोईसरला, गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. बाग एका माणसाला खंडाने दिलीय, तो काय देईल ते. शेतकऱ्याने भाकरीवर ठेचा घेता घेता पुढचा प्रश्न टाकला, की मग तुमच्याकडं हे बंद घरांचं पेपरात येत नाही का? मग वानरं, रानडुकरं, मजुरीचे दर, एका झाडाला काजू किती, सरकी काय भावाने जाते, असं दोघांचं जे जुंपलं ते ऊन उतरेपर्यंत. पुतण्याने दोनदा मध्ये तोंड घालून पाहिलं. दोघांनीही त्याच्याकडे लक्ष दिलं नाही.