विकाराचे नाव आणि नावाचा अंमल

मनोविकारांविषयी बोलताना कोणते शब्द वापरावेत आणि कोणते वर्ज्य करावेत, यासंबंधी अलीकडे जो उपदेश चहूकडून ऐकू येतो, त्याचा एक ठाशीव नमुना एका परिसंवादात माझ्या कानी पडला. वक्ते व्यासंगी होते आणि त्यांच्या हेतूविषयी मला तिळमात्र शंका नाही. त्यांचे प्रतिपादन असे की, 'सिझोफ्रेनिक' न म्हणता 'सिझोफ्रेनिया असलेली व्यक्ती' म्हणावे, गुन्ह्याला शोभणारे 'कमिट' हे क्रियापद आत्महत्येला लावू नये, 'डिसऑर्डर'च्या जागी 'कंडिशन' आणावे. इंग्रजीने आपली परिभाषा अशी शुद्ध करून घेतली आहे, ती आपण स्वीकारली की कलंकाविरुद्धची अर्धी लढाई जिंकली. ही अर्धी लढाई मला मान्य नाही. आणि ज्या इंग्रजीचा दाखला देऊन ती जिंकली जाते, त्या इंग्रजीचा इतिहासच या प्रतिपादनाविरुद्ध साक्ष देतो, असे माझे मत आहे.

इंग्लंडच्या १९१३ च्या मेंटल डेफिशियन्सी ॲक्टात 'इडियट', 'इम्बेसाइल', 'फीबल-माइंडेड' आणि 'मॉरल इम्बेसाइल' असे चार वर्ग पाडलेले होते. कायद्याने व्याख्या करून दिलेली आणि डॉक्टराने गंभीरपणे दाखल्यावर लिहावयाची अशी ती शास्त्रीय नावे होती. 'मोरॉन' हा शब्द हेन्री गोडार्ड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९१० च्या सुमारास ग्रीक शब्दावरून मुद्दाम घडविला, तो वर्गीकरणाच्या सोयीसाठी. ही सारी नावे शिव्या होऊन बसल्यावर सभ्य म्हणून 'मेंटल रिटार्डेशन' आले. शाळाशाळांतून पोरांनी त्याचीही शिवी केली, आणि २०१० साली अमेरिकेला 'रोझाज लॉ' या नावाने ओळखला जाणारा कायदा करून ते अनेक संघीय कायद्यांतून काढून टाकावे लागले. मराठी माणसाला यासाठी समुद्र ओलांडण्याचे कारण नाही. इंग्रजी अमदानीत 'लुनॅटिक असायलम' ही पाटी उतरून 'मेंटल हॉस्पिटल' ही पाटी चढली. परंतु आपल्याकडे 'याला ठाण्याला पाठवा', 'हिला येरवड्याला भरती करा' असे लोक बोलतच राहिले. ठाणे या नावात अपमानकारक असे काय आहे? काहीही नाही. तेथील इस्पितळाच्या भिंतीआड गेलेला माणूस परत येत नाही, घरचे त्याला विसरतात, त्याच्या बहिणीचे लग्न मोडते, ही जी लोकांची समजूत आणि पुष्कळदा अनुभव होता, त्याने एका शहराचे निरुपद्रवी नाव काळवंडले. ते शुद्ध करण्याचे सामर्थ्य कोणत्याही परिभाषा समितीत नाही.

मग शब्दांना काहीच वजन नाही काय? आहे, आणि फार मोठे आहे. ते कोठे असते एवढाच प्रश्न आहे. पहिल्या महायुद्धातील 'शेल शॉक' या शब्दाचा मामला या दृष्टीने बारकाईने पाहण्यासारखा आहे. मानसशास्त्रज्ञ चार्ल्स मायर्स यांनी १९१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हा शब्द छापून प्रतिष्ठित केला. फ्रान्समधील ब्रिटिश सैन्याने लवकरच त्याचे दोन भाग केले. तोफगोळ्याच्या स्फोटाने ज्याची वाचा गेली वा हातपाय कापू लागले, त्याच्या नावापुढे 'डब्ल्यू', म्हणजे जखमी, असे अक्षर पडे. त्याला बाहीवर जखमीची पट्टी लावण्याचा मान आणि निवृत्तिवेतनावर दावा सांगण्याचा आधार मिळे. ज्याचे चित्त स्फोटावाचूनच ढासळले, त्याच्यापुढे 'एस', म्हणजे आजारी. त्याला हे काही नाही. दोघांचा कंप तोच आणि मौनही तेच, परंतु एका अक्षराने एक शूर ठरे आणि दुसरा संशयित. पुढे १९१७ साली हुकूम सुटला की, आघाडीवरच्या डॉक्टराने हा शब्द लिहूच नये. त्याऐवजी 'नॉट येट डायग्नोज्ड, नर्व्हस' असे लिहून रुग्णाला पुढे पाठवावे. सेनापतींना हा शब्द असभ्य वाटला म्हणून त्यांनी तो हद्दपार केला नाही. तो शिपायाला मान, रजा आणि पैसा मिळवून देत होता, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

या विषयावर ज्या एका विचारवंताचे ऋण मी इतर सर्वांपेक्षा अधिक मानतो, तो म्हणजे कॅनडाचा तत्त्ववेत्ता इयान हॅकिंग. मनोविकारतज्ज्ञ थॉमस झाझ यांनी १९६१ साली मानसिक आजार ही दंतकथाच आहे असे म्हटले. त्या मताचा बोलबाला पुष्कळ झाला आणि त्याने रुग्णांच्या घरच्यांना फार थोडे दिले. हॅकिंगची भूमिका अधिक सूक्ष्म आहे. तो म्हणतो की, पदार्थविज्ञानातील सूक्ष्म कणाला आपण काय नाव दिले याची दखल तो कण घेत नाही. माणूस मात्र आपल्याला दिलेले नाव ऐकतो, त्याप्रमाणे स्वतःकडे पाहू लागतो, कधी त्या नावात राहावयास जातो तर कधी त्याच्याशी झगडतो, आणि अशा रीतीने बदललेल्या माणसामुळे मूळचे वर्णनही पुन्हा बदलावे लागते. अनेक व्यक्तिमत्त्वांच्या विकारावर १९९५ साली त्याने जो ग्रंथ लिहिला, त्यात या येरझाऱ्या त्याने पायरीपायरीने दाखविल्या आहेत. अत्यंत विरळा मानला गेलेला हा विकार १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत स्वतंत्र नावाने दाखल झाला. पुढच्या दशकात रुग्ण हजारांनी मोजण्याची पाळी आली. पूर्वी एका रुग्णात दोन-तीन व्यक्तिमत्त्वे आढळत, ती आता दहाच्या वर गेली. आणि १९९४ साली सूचीने त्याचे नावच बदलले.

हे वाचून आपल्याकडचे कित्येक वडीलधारे हर्षभरित होतील याची मला कल्पना आहे. 'आम्ही सांगतच होतो, या इंग्रजी शब्दांनीच पोरांना आजारी केले. आमच्या वेळी कुठे होते हे डिप्रेशन आणि ॲन्झायटी?' हा आक्षेप मी घरोघर ऐकतो आणि तो मला निर्दय वाटतो. दुःख खोटे आहे असे हॅकिंग कोठेही म्हणत नाही. आणि नाव एकटे काही घडविते असेही म्हणत नाही. वर्गीकरण, माणसे, संस्था, ज्ञान आणि तज्ज्ञ अशी पाचांची गुंतागुंत तो मांडतो. 'जिवाची घालमेल होते', 'कशात मन लागत नाही', 'डोक्यावर दगड ठेवल्यासारखे वाटते' हे आपले बोल आईजवळ बसून सांगण्यास पुरेसे, किंबहुना उत्तम आहेत. परंतु रजेच्या अर्जावर ते चालत नाहीत, विम्याच्या दाव्यात चालत नाहीत, अपंगत्वाच्या दाखल्यावर चालत नाहीत. जी मुलगी वसतिगृहातून फोन करून 'मला ॲन्झायटी आहे' असे सांगते, तिने दफ्तरांची दारे ज्या शब्दाने उघडतात तो शब्द उचलला आहे, आणि तसे करण्यात तिचे शहाणपण आहे.

येथे परिसंवादातील वक्त्यांच्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा मीच पुढे मांडतो, कारण त्याने माझ्या मूळ भूमिकेत फेरफार केला आहे. जपानमध्ये सिझोफ्रेनियाचे जुने नाव 'मन दुभंगण्याचा रोग' अशा अर्थाचे होते. रुग्णांच्या कुटुंबीयांच्या संघटनेने मागणी केली आणि २००२ साली तेथील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेने ते बदलून 'समन्वयाचा बिघाड' अशा आशयाचे नवे नाव स्वीकारले. जुने नाव उच्चारण्याचा डॉक्टरांनाच संकोच वाटे, म्हणून पुष्कळ रुग्णांना आपला आजार कोणता हे सांगितलेच जात नसे. नामांतरानंतर थोड्याच वर्षांत निदान सांगितले जाणाऱ्या रुग्णांचे प्रमाण पुष्कळ वाढले. तेव्हा नुसते नाव बदलणे निष्फळ आहे हे माझे विधान मला मर्यादित केले पाहिजे. नामांतर तेथे फळाला आले, कारण त्याने डॉक्टर आणि रुग्ण यांच्यातील एक प्रत्यक्ष व्यवहार बदलला: ज्याचा आजार, त्याला तो कळू लागला.

आता आपल्या घरातला व्यवहार पाहू. हिंदू विवाह कायद्याच्या तेराव्या कलमात १९७६ साली दुरुस्ती होऊन घटस्फोटाचे कारण म्हणून 'मेंटल डिसऑर्डर' आले, आणि त्याचे स्पष्टीकरण करणारी शब्दावली इंग्लंडच्या १९५९ च्या मेंटल हेल्थ ॲक्टातून जवळजवळ जशीच्या तशी उचलली गेली: मानसिक आजार, मनाची खुंटलेली वा अपुरी वाढ, 'सायकोपॅथिक डिसऑर्डर', मनाचा अन्य कोणताही विकार वा वैकल्य. आपण तीत एका आजाराची नावानिशी भर घातली, ती सिझोफ्रेनियाची. इंग्लंडने २००७ साली ती जुनी वर्गवारी मोडीत काढली. आपल्याकडे ती अद्याप अंमलात आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८८ साली रामनारायण गुप्ता यांच्या खटल्यात स्पष्ट केले की, नुसता सिझोफ्रेनियाचा शिक्का पुरेसा नाही, विकाराची मात्रा सिद्ध झाली पाहिजे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही बजावले की, मानसिक आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणी मनोविकल ठरत नाही, ते सक्षम न्यायालयाने ठरवावयाचे. परंतु निकाल लागेपर्यंत जे आयुष्य काढावे लागते, त्याला या निवाड्यांचा उपयोग कितीसा? माझ्या परिचयातील एक बाई गोळ्यांच्या पट्टीवरील नाव नखाने खरवडून टाकते, पट्टी हळदीच्या डब्यामागे सरकवते, आणि डॉक्टरांना हात जोडून सांगते, 'कागदावर काही लिहू नका हो, उद्या घरचे तोच कागद वकिलाकडे नेतील.' तिच्यापुढे 'सिझोफ्रेनिक' आणि 'सिझोफ्रेनिया असलेली व्यक्ती' यांतील भेदाची महती मी कोणत्या तोंडाने सांगू? ती भिते, ते त्या कागदाला.

म्हणून ज्यांना शब्दशुद्धीची खरोखर कळकळ आहे, त्यांनी आपला उत्साह तेराव्या कलमाच्या या स्पष्टीकरणाकडे वळवावा अशी माझी मागणी आहे. त्यातून आजाराचे नाव काढून टाकावे, १९५९ ची उसनी वर्गवारी रद्द करावी, आणि दोन माणसांचे सहजीवन अशक्य झाले किंवा नाही याचा निर्णय त्यांच्या वर्तनाच्या पुराव्यावर व्हावा. याला पूर्वदाखला नाही असेही नाही: याच कलमात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून नमूद होते, आणि संसदेने ते २०१९ साली वगळले.