कंसातला हशा

आमच्या शाखेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी एक एकांकिका होते आणि ती दरवर्षी मीच लिहितो. याला कारण माझी प्रतिभा नव्हे. दुसरं कोणी लिहीत नाही, एवढंच. बी.कॉम. झालेल्या माणसाने नाटक लिहावं हे माझ्या मेव्हण्याला अजून पटलेलं नाही. (तो मराठी घेऊन एम.ए. झाला आणि विमा विकतो.) पण शाखेत साहित्याची जाण असलेले लोक कमी असल्यामुळे माझं निभावतं.

यंदाच्या एकांकिकेत मुलगी बघायला मंडळी येतात. त्यांत मुलाचे मामा. मामांना मी नाव दिलं नव्हतं. संहितेत फक्त लिहिलं होतं, 'दार उघडतं. लठ्ठ मामा आत येतात.' आणि पुढे कंसात, 'हशा.'

हे काम आमच्या हेड कॅशियरसाहेबांना द्यायचं, हे लिहितानाच ठरलं होतं. साहेबांचा देह प्रशस्त आहे. कॅशच्या पिंजऱ्याचं दार त्यांच्यासाठी सहा इंच रुंद करून घ्यावं लागलं, अशी एक दंतकथा शाखेत प्रचलित आहे. ती मीच पसरवली.

तालमीच्या आदल्या दिवशी कॅश टॅली करून साहेब माझ्या टेबलापाशी आले. हातात संहिता. संशयास्पद नोट धरावी तसं ते पान उजेडासमोर धरून म्हणाले, "लेखक, एक शंका आहे. मी दार उघडून आत येतो. बरोबर?"

"बरोबर."

"अजून एक शब्द बोललेलो नाही."

"नाही."

"पाय घसरला नाही, धोतर सुटलं नाही."

"नाही, साहेब."

"मग लोक हसले कशाला?"

मी घसा साफ केला. "म्हणजे, तुमची एन्ट्रीच तशी आहे ना..."

"एन्ट्री दिसतेय हो. व्हाउचर कुठाय?"

आणि पान माझ्या टेबलावर ठेवून गेले. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला चहा पाजता येतो.

व्हाउचरशिवाय एन्ट्री पास करायची नाही, हे मी कॉलेजात तीन वर्षं शिकलो आणि बँकेत वीस वर्षं पाळत आलो. लिहायला बसलो की मात्र 'लठ्ठ' हा एक शब्द टाकतो आणि आळशी, खादाड, भोळसट, घोरणारा, असा सगळा माल वाचक आपणहून त्या माणसाच्या खात्यावर चढवतो. कोणी कागद मागत नाही. त्या दिवशी प्रथमच मागितला, आणि तोसुद्धा खातेदारानेच.

चोर पकडला गेला की आपल्यासारखे आणखी कितीजण आहेत ते आधी मोजतो. मीही घरी येऊन पुस्तकांचं कपाट उघडलं. साथीदार भरपूर निघाले, आणि फार वरच्या हुद्द्याचे. साक्षात भरतमुनी! नाट्यशास्त्रात विदूषक कसा असावा तर बुटका, कुबडा, दात पुढे आलेला, टक्कल पडलेला. म्हणजे बिचाऱ्याने तोंड उघडायच्या आत काम झालेलं. माझा कंस दीड-दोन हजार वर्षांचा जुना निघाला! मग सर्व्हान्टेस. त्याने १६०५ मध्ये डॉन क्विक्झोट उभा केला तो काटकुळा, उंच, आकाशाकडे डोळे लावलेला. आणि मागून गाढवावर येणारा सांचो पान्झा ठेंगणा, पोट सुटलेला. स्पॅनिशमध्ये 'पान्झा' म्हणजे पोटच. आपल्याकडे पोटे आडनावाचा माणूस सडपातळ असू शकतो, त्याच्यावर कोणाची सक्ती नसते. सांचोला ती सोय ठेवलेली नाही.

शेक्सपिअरचा सीझर म्हणतो की माझ्याभोवती लठ्ठ माणसं असू द्या, तो रोडका कॅशियस धोक्याचा, फार विचार करतो. लठ्ठांची एवढी तरफदारी दुसऱ्या कोणी केल्याचं मला आठवत नाही, आणि ती का केली तर ते विचार करत नाहीत म्हणून. रोडक्यांबद्दल मी अधिकाराने बोलू शकतो. माझं वजन बावन्न किलो. गोष्टीत आम्ही कोण असतो? चिक्कू सावकार, छडीवाले मास्तर, खोकणारे कवी आणि कारकून. शेवटच्याबद्दल माझी तक्रार नाही.

पण तुलना केली तर रोडक्यांची स्थिती बरी. आमच्यातल्या एखाद्याला निदान विरहाने वाळल्याचं श्रेय मिळतं. प्रेमात पडून वजन वाढलेला नायक तुम्ही कुठे वाचलाय? प्रत्यक्षात लग्न झालेल्या प्रत्येकाचं तेच होतं. शेरलॉक होम्सचा थोरला भाऊ मायक्रॉफ्ट हा आपल्यापेक्षा हुशार आहे, असं खुद्द शेरलॉक कबूल करतो. पण तो स्थूल. म्हणून डॉइलसाहेबांनी त्याला क्लबातल्या खुर्चीत बसवून ठेवलं. बुद्धी दिली, गोष्टी दिल्या नाहीत. बढती दिली पण शाखा दिली नाही, असं आमच्यात म्हणतात.

बायकांच्या बाबतीत तर विचारू नका. संस्कृत कवींच्या नायिका गजगामिनी असतात. चाल हत्तिणीची चालते. बाकी कशातही हत्तिणीशी साम्य दिसलं तर ती नायिकेची दासी होते. आणि कवी थकले तिथून वधू-वरांच्या जाहिराती सुरू होतात. 'सडपातळ' हा शब्द मराठी भाषेत त्यांच्यामुळेच टिकून आहे.

यावर माझ्या मेव्हण्याने (हाच तो, विमावाला) तोडगा सुचवला. "शरीराचं वर्णनच करू नका. प्रश्न मिटला." मला क्षणभर पटलं. मग मी त्यालाच विचारलं, "समजा, एक गोष्ट आहे. 'तो गॅलरीत उभा राहून तिची वाट पाहत होता.' तो कसा दिसला तुला?" मेव्हणा म्हणाला, "उंच, शिडशिडीत." मी कुठे लिहिलं होतं तसं? लेखक गप्प बसला की मराठी गोष्टीतला प्रत्येकजण आपोआप साठ किलोंचा होतो. रकाना कोरा ठेवला तरी वाचक त्यात आकडा भरतोच.

आता कोणी म्हणेल, अहो, ती कागदावरची माणसं. त्यांना वजन कसलं? फार तर शाईचं. त्यांना हसलं म्हणून कोणाचं काय बिघडलं? हा प्रश्न मला रात्री पाठ टेकल्यावर सुचला आणि तो सुटला असं वाटून मी जवळजवळ झोपलोही होतो. तेवढ्यात मला ज्यो आठवला.

ज्यो म्हणजे डिकन्सच्या 'पिक्विक पेपर्स'मधला (१८३६-३७) तो जाडा पोऱ्या. कुठेही झोपतो. दार ठोठावताना झोपतो, वाढताना झोपतो. मालक त्याच्यावर खेकसतात, आपण हसतो. १९५६ मध्ये अमेरिकेतल्या काही डॉक्टरांनी एका रुग्णाची हकिकत प्रसिद्ध केली. अतिस्थूल माणूस, श्वास अपुरा पडतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि दिवसाढवळ्या झोप आवरत नाही. त्या विकाराला त्यांनी नाव दिलं 'पिक्विकियन सिंड्रोम'. डिकन्सने पाहिलं ते अगदी खरं पाहिलं होतं. पोरगं आळशी नव्हतं, आजारी असावं. एकशे वीस वर्षं जग एका पेशंटला हसत होतं! आता ज्योला त्याचं काय, तो शाईचा. पण त्या एकशे वीस वर्षांत डुलकी लागली म्हणून किती खऱ्या पोरांनी चापट्या खाल्ल्या असतील आणि ज्योची आठवण काढून लोक वर हसले असतील, याचा हिशेब कोणत्या खातेवहीत आहे?

झोप गेली ती गेलीच. मग टुनटुन आठवली. तिचं नाव उमादेवी. १९४७ च्या 'दर्द' चित्रपटात तिने गायलेलं प्रेमगीत देशभर गाजलं. पडद्यावर ते दुसरीच अभिनेत्री गात होती. १९५० च्या 'बाबुल'मध्ये उमादेवी स्वतः पडद्यावर आली, टुनटुन झाली, आणि पुढे कितीतरी वर्षं ती दारातून आत आली की थिएटर हसायचं. तिचं विनोदाचं अंग खरंच उत्तम होतं, हे कोणी नाकारणार नाही. पण नुसता आवाज होता तोवर तिला प्रेम करायला परवानगी होती. आवाजाबरोबर देह आला आणि परवानगी रद्द झाली. माझ्यासारखेच कोणीतरी कागदावर कंस टाकत असणार.

राहता राहिले व्यासमुनी. त्यांनी भीमाला वृकोदर म्हटलं, म्हणजे लांडग्याच्या पोटाचा. लांडगा काही जाड नसतो. भूक दाखवायची होती. एकचक्रा नगरीत पांडव भिक्षा मागून आणत, त्यातली अर्धी एकट्या भीमाला आणि अर्धी बाकीच्या सगळ्यांत. आमच्या चाळीतल्या कीर्तनात इथे हशा ठरलेला असे. पण व्यासांनी भीमाला नुसतं पोट देऊन सोडलं नाही. द्रौपदीला सुगंधी कमळं हवीशी वाटली, तर पर्वत तुडवत आणायला गेला तो भीम. कीचकाने छळलं तेव्हा धर्मराजाने संयम सांगितला. रात्री उठून कीचकाचा निकाल लावला तो भीमाने. पाच नवऱ्यांत नवऱ्यासारखा वागला तो एवढा एक. आणि शेवटी? हिमालयाच्या वाटेवर द्रौपदी आधी पडली, तेव्हा धर्मराजाने कारण सांगितलं की हिचा ओढा अर्जुनाकडे जास्त होता. मग भीम पडला. त्याने विचारलं, मी का? धर्मराज म्हणाला, तू फार खायचास आणि बळाची बढाई मारायचास. बस्स! कमळं नाहीत, कीचक नाही, जेवणाचं बिल तेवढं लक्षात. मी ते पान दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना.

(आपला गणपती मी यात आणत नाही, तो पात्र नव्हे. एवढंच नोंदवतो की त्याच्या पोटाला चंद्र हसला, तो अजून दर भाद्रपदात शिक्षा भोगतो. लेखकांना मात्र मानधन मिळतं.)

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेलो. म्हटलं, "साहेब, 'लठ्ठ' शब्द काढला. हशाही काढला."

साहेब नोटा मोजत होते. बंडल पुरं करून, रबर लावून म्हणाले, "शब्द काढल्याने मी बारीक होणार आहे का? राहू दे तो. आणि लोकांनी हसू नये असं मी कधी म्हटलं? तुमचा मामा पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पोहे खातोय, हो! त्याला बोलायला द्या काहीतरी."

तीन रात्री मी मामाला वाक्यं लिहीत होतो. साहेबांनी ती तालमीत बिनतक्रार म्हटली आणि कोणीही हसलं नाही. चौथ्या तालमीला मुलाच्या आईचं काम करणाऱ्या बाईंनी नेहमीप्रमाणे विचारलं, "मुलीला स्वयंपाक येतो ना?" आणि विचारताना सहज त्यांची नजर साहेबांकडे गेली. साहेब बशी खाली ठेवून म्हणाले, "ताई, हे विचारताना माझ्याकडे बघू नकोस. लग्न त्याचं आहे." प्रॉम्प्टिंग विसरून मी हसलो. वाक्य लगेच लिहून घेतलं. लेखक म्हणून नाव अर्थात माझंच होतं.

प्रयोगाच्या दिवशी दार उघडलं, साहेब आत आले, आणि सभागृह हसलं. कंस मी खोडला होता, पण प्रेक्षकांच्या प्रतीत तो होताच. साहेब तिथेच उभे राहिले, हशा पूर्ण विरेपर्यंत. मग पुढे झाले. दहा मिनिटांनी स्वयंपाकाचा प्रश्न आला, साहेबांनी बशी खाली ठेवली, वाक्य टाकलं, आणि असा हशा उसळला की रिजनल मॅनेजरांचा चष्मा पडला.

पडदा पडल्यावर मी विंगेत त्यांचा हात धरला. म्हटलं, "साहेब, दोन हशे झाले!"

रुमालाने तोंडाचा रंग पुसत साहेब म्हणाले, "दुसरा माझ्या खात्यात जमा करा. पहिला तुमच्या नावे टाका."