रविवारी बघू

दोस्तांनो, शिकलेल्या माणसावर वस्तीचं कर्ज असतं काय? की ही आपली सभेत टाळी घ्यायची भाषा?

मी कल्याण पूर्वेचा, कोळसेवाडीचा. आमच्या चाळीतून एम. ए.पर्यंत गेलेला पहिलाच. रोज लोकलनं सुमारे ५३ किलोमीटर सीएसटी, तिथून चालत कॉलेज. रात्री तेवढंच परत. या मार्गावर १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली गाडी धावली. १८५७ साली मुंबईत विद्यापीठ निघालं. दोन्ही गोष्टी कुणी आपल्यासाठी म्हणून काढल्या नव्हत्या. आपण मागून घुसलो.

गाडीत जात नसते म्हणतात. खोटं. चौथ्या सीटवर टेकायला जागा देणारा माणूस दिवा यायच्या आत आडनाव विचारतो. एकदा एकजण हसत म्हणाला, "तुमचं बरंय, सरकारचे जावई." मी तिथंच सुनावलं, "शिष्यवृत्ती उपकार नाही, हक्क आहे. मी कुणाचं देणं लागत नाही." डबा गप्प झाला. मला लई बरं वाटलं.

हेच वाक्य पुढं माझ्यावर उलटलं.

शेजारच्या मावशीची पोरगी बारावी पास झाली. मावशी म्हणाली, "दादा, तिचा शिष्यवृत्तीचा फॉर्म तेवढा भर." जातीचा दाखला, तहसील कचेरीतून उत्पन्नाचा दाखला, मग संगणकावर अर्ज. मला सगळं पाठ. म्हणलं, "मावशी, रविवारी बघू." रविवारी फोर्टात चर्चासत्र होतं. विषय: दलित साहित्यातली बांधिलकी. मी निबंध वाचला, टाळ्या घेतल्या. पुढच्या रविवारी आणखी काही निघालं. मुदत गेली. कॉलेजनं फी मागितली. चाळीत एवढे पैसे कुठले? पोरगी डोंबिवलीच्या एमआयडीसीत पॅकिंगला लागली.

मावशी भांडली नाही. सकाळी नळावर मी दिसलो की ती अजूनही रांगेला सांगते, "त्याला भरू द्या आधी, गाडी हाय त्याची." पाच वर्षं पहिला हंडा माझा. याचा हिशेब कुठल्या अर्जात लिहायचा?

आता नीट विचार करू. गाडीतलं माझं वाक्य चूक होतं काय? अर्धं बरोबर होतं. मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली ती कुणाच्या दयेनं नाही. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते, त्यांनी ती मागितली म्हणून. हक्काला आभार लागत नाहीत. म्हणून मी सरकारचं देणं लागत नाही, आणि डब्यातल्या त्या माणसाचं तर नाहीच नाही. पण मी म्हणालो, "कुणाचं." इथं चुकलो. हक्क कागदावर येतो तो एका लढ्यानं, आणि कागदावरनं माझ्या हातात पडतो तो नळावरच्या रांगेनं. माझा पहिला फॉर्म विहारात बसून रेल्वेतल्या एका खलाशानं भरून दिला होता. त्यानं 'रविवारी बघू' म्हटलं असतं तर?

१९१३ साली बाबासाहेब कोलंबियाला गेले ते बडोदा संस्थानच्या पैशानं. परत येऊन दहा वर्षं नोकरी करायची, असा लेखी करार होता. १९१७ साली ते बडोद्याला हजर झाले. शिपाई लांबून फायली टाकायचे. राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेतून लोकांनी लाठ्या घेऊन बाहेर काढलं. लेखी करार पुरा होऊच दिला गेला नाही. पण जो करार कुणी लिहिला नव्हता, तो त्यांनी मरेपर्यंत पाळला. सही संस्थानच्या कागदावर, आणि देणं मात्र वस्तीचं. माझ्या मते कर्ज म्हणजे हेच. ते मागायला कुणी येत नाही.

एक कार्यकर्ता मित्र म्हणतो, "अरे, फॉर्म भरणं हे सरकारचं काम. वरच्या जातीच्या पोराला कुणी विचारतं काय, तू गल्लीसाठी काय केलंस? मग आपल्याच पाठीवर हे ओझं का?" त्याचं खरं आहे. ओझं अन्यायाचंच आहे. खिडकी सोपी व्हावी म्हणून मोर्चा काढलाच पाहिजे, मीही येतो. पण मोर्चा निघेपर्यंत मुदत थांबत नाही. ती पोरगी तेवढ्यात पॅकिंगला लागते.

१८ मार्च १९५६ ला आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्यांबद्दल दुःख बोलून दाखवलं. आपल्या माणसांनीच दगा दिला, पोट भरण्यात गुंतले, अशी ती व्यथा. मला वाटायचं, हे बंगलेवाल्या साहेबांबद्दल आहे. आपल्याकडं कुठं बंगला? दगा द्यायला बंगला लागत नाही, एक रविवार पुरतो.

आता मुंबई विद्यापीठाची उपकेंद्रं ठाण्यात आणि कल्याणला आलीत. रुळांवरचं अंतर कमी झालं. नळापासून खिडकीपर्यंतचं आहे तेवढंच आहे.

परवा पोरीला विचारलं, औंदा अर्ज करायचा ना? ती म्हणाली, "बघू दादा, रविवारी. हल्ली रविवारीबी ओव्हरटाइम असतो."

मी काही बोललो नाही. उत्पन्नाच्या दाखल्याला लागणारे कागद तिच्या आईकडून त्याच रात्री मागून घेतले.

तुमच्या चाळीत कोण आहे, बघा.

जयभीम.